घोडेगावची कुंभारीण

मंचरला नाशिकचा मोठा रस्ता सोडून मोटार डावीकडे भीमाशंकरच्या रस्त्याला लागली, की माझ्या मामीचा आवाज बदलतो. पुण्यात ती बेताने बोलते. सहाव्या मजल्यावरच्या मुलाच्या घरी आपण अजून पाहुण्याच आहोत, असे तिला वाटत असावे. पण मंचरचा कांद्या-बटाट्याचा बाजार मागे पडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळ्या फुलांवर आलेली तूर दिसू लागली, की ती पुढे सरकून बसते आणि साठी उलटलेल्या आपल्या मुलाला सूचना देऊ लागते. "हळू घे रे, इथं गुरं आडवी येतात." गुरे आता तिथे कुणी पाळत नाही. पण मामेभाऊ मुकाट्याने गाडी हळू करतो.

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले होते. आम्ही तिघे घोडेगावला निघालो होतो ते मामांचे घर उघडायला. घर विकायचे ठरले होते. घेणारे गृहस्थ दुपारी पाहायला येणार होते आणि दिवाळी झाली, की कागद करायचे होते. मामीने संमती दिली होती. म्हणजे "तुम्हांला योग्य वाटेल ते करा" एवढे म्हटले होते. आपल्या घरांतून बायकांची संमती बहुधा ह्याच शब्दांत मिळते आणि आपणही ती फारशी उलगडून पाहत नाही.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. नवखा माणूस इथेच बुचकळ्यात पडतो. तालुका आंबेगाव, तर कचेरी घोडेगावला का, आणि मग आंबेगाव तरी कुठे? मूळचे आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. त्या जलाशयाला ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला तो हाच बाबू गेनू. धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची गावे, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि शेवटी भीमाशंकरचे रान. खालच्या अंगाला सगळा बागाईत मुलूख. घोडेगाव मधोमध बसलेले आहे. डोंगरातला माणूस कामासाठी इथवर उतरतो आणि देशावरचा माणूस इथवर चढतो. मामा इथल्या मामलेदार कचेरीत कारकून होते.

त्यांचे घर जुन्या वस्तीत आहे. दगडी जोते, वर मातीच्या हातभर रुंद भिंती, सागाच्या तुळया आणि कौले. समोर ओटा. ह्या ओट्यावर मी पहिल्यांदा उतरलो तो १९६१ साली, नऊ वर्षांचा असताना. ते पुढे सांगतो. आधी कुलपाचे सांगितले पाहिजे.

कुलूप पितळी, नारळाच्या करवंटीएवढे. २०२० च्या मार्चपासून ते उघडलेले नव्हते. आधी टाळेबंदी, मग मामीचे गुडघे, मग कुणाला सवड नाही, असे करता करता वर्षे गेली होती. शेजारच्या वहिनी तेवढ्या पावसाळ्याआधी कौले चाळवून घेत. मामेभावाने बोटभर लांबीची किल्ली काढली आणि भोकात घातली. ती आत जाईना. "गंज चढलाय," तो म्हणाला आणि शेजारी तेल मागायला गेला. मी वाकून पाहिले. भोकात गंज नव्हता, माती होती. खडबडीत, नीट चोपून बसवलेली आणि कडेने अजून ओलसर. मी किल्लीच्या टोकाने जरा टोकरले, तर चिमूटभर पिवळी भुकटी सांडली.

"कुंभारीण बसली असेल," मामी मागून म्हणाली. "हात लावू नकोस."

तेवढ्यात ती आलीच. मामी म्हणाली ती कुंभारीण मात्र नव्हती. कुंभारीण आपण सर्वांनी पाहिलेली असते. गांधीलमाशीच्या जातीची, सुईने ओवल्यासारखी बारीक कंबर, लोंबते पाय. ही जाडजूड होती. खांद्यांवर तांबूस लोकर, काळ्या पोटावर पांढरे पट्टे, आणि पोटाचा खालचा भाग पिवळाजर्द, जणू हळदीच्या ताटात बसून आलेली. तुरीच्या फुलांतले ते पराग होते. आपली नेहमीची मधमाशी पराग मागच्या पायांवर गोळा करून आणते. ह्या जातीच्या माश्यांना पोटाखाली केसांचा ब्रश असतो, त्यात त्या भरून आणतात. तेव्हा ही मधमाशीच, पण पोळे नसलेली, राणी नसलेली, एकटी. शास्त्रज्ञ हिला मेगाकिली लनाटा म्हणतात. लनाटा म्हणजे लोकरीची. आपल्या भाषेत तिला गवंडीण म्हणायला हरकत नाही.

मी शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकवले. त्यामुळे कुणी विचारले नाही तरी सांगण्याची खोड आहे. ओट्यावर बसून मी मामीला सांगू लागलो, की जगात मधमाश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अशा एकट्याने राहणाऱ्या. मध साठवणाऱ्या, पोळी बांधणाऱ्या थोड्याच, पण त्यांचाच बोलबाला. लेण्याद्रीला आणि शिवनेरीला आग्या मोहोळ उठले, की वर्तमानपत्रात बातमी येते. ह्या गवंडिणीने आजवर कुणाला पळवून लावले नाही. ती भिंतीतले, बांबूतले किंवा खुंटीमागचे एखादे भोक शोधते, चिखल आणून त्यात खोली करते, खोलीत पराग आणि मध कालवून ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. मग त्याच्यापुढे दुसरी खोली. जुन्या इंग्रज निरीक्षकांना ती बंदुकीच्या नळीत आणि कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीमागे सापडली होती. बंदूक वापरणाऱ्याने आणि पुस्तक वाचणाऱ्याने काही दिवस हात लावलेला नाही, एवढेच तिला पुरते. हीच माशी आज वेस्ट इंडीज बेटांत आणि फ्लोरिडातही आढळते. आपल्याकडच्या जहाजांतल्या कुठल्या तरी भोकातून तिकडे गेली असावी आणि तिकडचीच होऊन राहिली.

"आणि पिल्लं?" मामीने विचारले.

"ती बाहेर येतात तोवर आई बहुधा जिवंत नसते. भेट अशी नाहीच."

मामी काही बोलली नाही. माशी कुलपात शिरली, थोड्या वेळाने उलटी बाहेर आली, वळली, पोटाच्या बाजूने पुन्हा आत गेली. पराग झाडायचे होते. मग उडाली. घड्याळ लावून पाहिले, तर आठव्या-नवव्या मिनिटाला परत.

मामेभाऊ तेलाची बाटली आणि बरोबर एक किल्लीवाला घेऊन आला. किल्लीवाल्याने पाहून सांगितले, दोन मिनिटांचे काम आहे, तारेने माती काढतो आणि पिचकारीने धुतो. त्याचे म्हणणे बरोबर होते. घेणारे गृहस्थ दुपारी येणार होते. पण मामी उठून दारासमोर उभी राहिली. "तिचं होईतो थांबा."

"आई, तिचं महिनाभर चालेल."

"मग दुसरीकडून आत जा."

मामेभावाने माझ्याकडे पाहिले. मी तोडगा सुचवला, की कोयंडा उपसून कुलूप आहे तसे अलगद काढू आणि शेजारच्या ओट्यावर खुंटीला टांगू. माशीला दहा पावले पलीकडे जावे लागेल एवढेच. हे बोलता बोलता मला माझीच चूक कळली, कारण ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी एका माणसाने काढून ठेवले आहे.

तो माणूस म्हणजे फ्रान्समधला झां आंरी फाब्र. १८४३ साली तो कार्पांत्रा गावी शाळामास्तर होता, वय एकोणीस, पगार बेताचा. मुलांना जमीनमोजणी शिकवायला तो गावाबाहेरच्या माळावर नेत असे. मुले निशाण घेऊन जात आणि मध्येच कुठे तरी बसून राहत. चौकशी केली तेव्हा कळले, की माळावरच्या गोट्यांवर एक काळी माशी चिखलाची घरटी करते आणि मुले ती फोडून गवताच्या काडीने मध ओढतात. मास्तरांनीही चाखला. मग त्या माशीचे नाव कळावे म्हणून त्यांनी कीटकांवरचे एक सचित्र पुस्तक विकत घेतले, त्याला महिन्याचा सारा पगार गेला. (मास्तरांच्या घरी त्या महिन्यात काय शिजले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.) ती माशी रस्त्यावरची कोरडी धूळ आपल्या लाळेत मळते आणि ओल्या गिलाव्यात बाहेरून बारीक खडे बसवते. ते वाळले, की सिमेंटसारखे होते. आपल्याकडचे गवंडी भिंतीत चिपा भरतात तसेच हे, आणि चिपा निवडतानाही ती तशीच चोखंदळ असते.

फाब्रने पुढे ह्या माश्यांवर पुष्कळ प्रयोग केले. माशीला कागदात गुंडाळून कोसभर दूर सोडले, तर ती घर शोधत परत येई. ते वाचून खुद्द डार्विनने त्याला पत्र लिहून आणखी एक प्रयोग सुचवला होता. पण माशी बाहेर गेलेली असताना तिचे घरटे असलेला गोटाच उचलून थोडा पलीकडे ठेवला, तर? माशी परत आली, की जुन्या जागी घिरट्या घाली, तिथली माती तपासी, निघून जाई, पुन्हा येई. हलवलेला गोटा समोर दिसत असे, क्वचित ती त्यावर बसेही. पण तो आपला म्हणून घेत नसे. तिला घर ओळखता येत नव्हते, जागा ओळखता येत होती.

मी हे सांगितले आणि म्हणालो, "तेव्हा कुलूप हलवून उपयोग नाही. ती इथेच शोधत बसेल."

मामी म्हणाली, "बसेलच की," आणि पदराने ओट्याची कड पुसू लागली.

अखेर शेजारच्या वहिनींचा कॉलेजात जाणारा नातू कामाला आला. तो शिडी लावून छपरावर चढला, चार कौले बाजूला केली आणि माळ्यावर उतरला. खाली उतरून त्याने मागच्या दाराचा अडसर काढायचा होता. पण अडसर पाच वर्षांत असा फुगून बसला होता, की आतून ठोकण्याचा आवाज येत राहिला आणि आम्ही ओट्यावर बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात मला १९६१ साल आठवले.

त्या वर्षी बारा जुलैला पानशेतचे धरण फुटले. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला. पाणी उतरल्यावर राहिला तो चिखल. भांड्यांत, गाद्यांत, देवघरात, वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांत, सगळीकडे. त्याचा वास मला आजही कधी कधी अचानक येतो. शाळा बंद, घर राहण्याजोगे नाही. आईने मला मामांकडे पाठवले. मंचरपर्यंत एसटीने आणि पुढे दुसऱ्या गाडीने मी घोडेगावला आलो आणि पाचएक महिने तिथे राहिलो.

मामी तेव्हा पंचविशीची. लग्नाला आठ वर्षे झाली होती, घरात मूल नव्हते. त्या श्रावणात देवघराच्या देवळीत, वरच्या कोपऱ्याला, कुंभारणीने घर केले. मुठीएवढे, तांबड्या मातीचे, शेजारी शेजारी चार-पाच नळ्या आणि वरून लिंपण. आपल्याकडे म्हणतात, की कुंभारणीने घरात घर केले, की त्या घरात पाळणा हलतो. आणि खरेच, आश्विनात मामीला दिवस राहिल्याचे कळले. मला कुणी सांगितले नाही, पण घरातल्या पोराला सगळे कळते. घटस्थापनेआधी घर सारवले, भिंतींना चुना दिला. देवळीचा तो कोपरा तेवढा तिने सोडला. जाता येता ती त्या घरट्याकडे पाही आणि हात जोडल्यासारखे करी.

त्याच सुमारास देवळात एक कीर्तन झाले. बुवांनी भृंग आणि कीटक ह्यांचा दृष्टांत सांगितला. कुंभारीण एक अळी आणून आपल्या घरात कोंडते, भोवती गुणगुणत राहते, अळी भयाने तिचाच ध्यास घेते आणि ध्यास घेता घेता स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. दृष्टांत फार जुना आहे. भागवतातल्या अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत ही कुंभारीण आहे. तिथे तिचे नाव पेशस्कृत. नाथांनी काशीत १५७३ साली पुऱ्या केलेल्या भागवतातही ती आहे. मला मात्र गुरूशिष्य काही कळले नाहीत. मला एवढेच कळले, की देवळीतल्या मातीत ह्या क्षणी एक अळी अर्धी माशी झालेली असणार, आणि ती पाहिली पाहिजे.

दिवाळीची सुट्टी होती. ओट्याखाली मी शिवनेरी बांधत होतो. शिवनेरी तिथून जवळ, त्यामुळे त्या भागातल्या पोरांचे किल्ले बहुतेक शिवनेरीचेच. घोडेच्या काठची काळी चिकणमाती पाटीभर आणून ठेवली होती. दुपारी मामी मागे भांडी घासत होती. मी पाटावर चढलो आणि काठीने ते घरटे उचकटले. सबंध निघून हातात आले.

आत अळी नव्हती, कोळी होते. एका नळीत दहा-बारा कोळी ठासून भरलेले, हिरवट, राखी, न मेलेले आणि न हलणारे. आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी, बिनपायांची आळशी कीड एका कोळ्याला तोंड लावून बसलेली. दृष्टांतात आणि देवळीत एवढा फरक पडलेला पाहून मी भ्यालो. पुढे शिकलो, तेव्हा उलगडा झाला. कुंभारणींचे प्रकार अनेक. सुगडासारखे तोंडाला काठ असलेले मडके करणारी अळ्या आणते. ही नळ्या करणारी कोळी आणते. दंश करून ती भक्ष्याला मारत नाही, लुळे करते, म्हणजे पिल्लाला ताजे अन्न मिळावे. गुणगुणणे खरेच असते. चिखल चोपताना ती एक बारीक सूर धरते. जुन्या लोकांनी अळी आत जाताना पाहिली, माशी बाहेर येताना पाहिली आणि मधले काम ध्यानावर सोपवले. पाहण्यात त्यांनी चूक केली नव्हती. मधे भिंत होती.

मी हातात घरटे धरून उभा असतानाच ती आली. तोंडात चिखलाची गोळी. मला वाटले, आता ती मला डसणार. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. भिंतीवर जिथे घरटे होते तिथे नुसता तांबडा डाग राहिला होता. ती त्या डागावर बसली, गोळी पसरली, सूर धरून चोपली आणि गेली. परत आली. पुन्हा तेच. नसलेल्या घराला ती गिलावा करत होती. मी मोजल्या, सव्वीस खेपा. फाब्रनेही असे घरटे भिंतीवरून काढून हेच पाहिले होते, हे मला चाळीस वर्षांनी वाचायला मिळाले. वाचताना माझ्या हाताला घाम आला.

मागे भांड्यांचा आवाज थांबला. मी पाटीतली किल्ल्याची माती घेतली, घरट्याच्या पाठीला थापली आणि ते होते तिथे दाबून बसवले. वर बोटांनी सारखे केले. कार्तिकात वडील येऊन मला घेऊन गेले. मार्गशीर्षात मामांचे कार्ड आले. आईने ते वाचून पदर तोंडाला लावला आणि वडिलांना हळू आवाजात म्हणाली, "राहिलं नाही."

मी मुलांना तीस वर्षे शिकवले, की कुंभारणीच्या घराचा आणि पाळण्याचा काही संबंध नाही. नळीतले कोळी काढून दाखवले, पुस्तकातली चित्रे दाखवली. दर वर्षी तो धडा आला, की त्या दिवशी मला जेवण जात नसे.

दोन वर्षांनी मामेभाऊ झाला, हे खरे. तोच आता दारावर धडका देत होता. आतून अडसर निघाला. आम्ही मागच्या दाराने, न्हाणीघरावरून, आमच्याच घरात चोरासारखे शिरलो. कौलांतून चार चौकोनी उन्हे जमिनीवर पडली होती. कोंदट वास होता, वटवाघळांचाही थोडा. मामी भिंतीला हात लावत सरळ देवघरात गेली. देव तिने पुण्याला नेले होते ते २०१४ च्या पावसाळ्यात. त्या वर्षी तीस जुलैला सकाळी ह्याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर चिखल होऊन उतरला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. घोडेगावच्या रस्त्यावरून कित्येक दिवस गाड्या जात होत्या. मामेभावाने ते पाहिले आणि म्हणाला, आता आईला मातीच्या भिंतीखाली एकटी ठेवणार नाही. तो चुकला असे मी म्हणणार नाही. हे घर सपाटीवर आहे, ह्याच्यावर कोणता डोंगर यायचा, असे मामी तेव्हा म्हणाली होती. पण पानशेत पाहिलेल्या माणसाने, म्हणजे मी, मामेभावाचीच बाजू घेतली.

देवळी रिकामी होती. भिंतीला साठ वर्षांच्या चुन्याचे थर चढले होते आणि वरच्या कोपऱ्यात, थरांनी कड धरलेल्या एका खळग्यात, ते घरटे होते.

मी म्हणालो, "मामी, हे मी काढलं होतं. एकसष्ट साली."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"अरे, किल्ल्याची माती होती ती. कुंभारणीनं आणली ती तांबडी, आणि तू लावलेली काळी. मी काय आंधळी होते? आणि हा बघ."

तिने बोट दाखवले. मी मोबाईलचा उजेड पाडला. काळ्या मातीच्या कडेला एक ठसा उमटलेला होता. अंगठ्याचा. आता माझ्या करंगळीएवढा.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पुरातून आलेलं पोर. रात्री झोपेत 'पाणी, पाणी' करून उठायचास."

"पण मग मार्गशीर्षात..."

मामी थोडा वेळ देवळीच्या कडेवरची धूळ बोटाने काढत राहिली. "खोटं कशाला सांगू? तेव्हा आला होता तुझा राग. आठ-पंधरा दिवस. एकदा वाटलं, उचकटून फेकून द्यावं ते. पाटावर चढलेसुद्धा. मग तो अंगठा दिसला. पोरानं दाबून दाबून बसवलं होतं रे." मग ती मागे वळून मुलाला म्हणाली, "तो घंगाळ्याचा तिवई तेवढा गाडीत ठेव, विसरशील."

घेणारे गृहस्थ तीन वाजता आले. मंचरकडचे बागाईतदार, बोलायला मोकळे. आम्ही मागच्या दाराने त्यांना आत नेले, तेव्हा ते चकित झाले; मामेभावाने ओशाळून कारण सांगितले. ते पुढच्या ओट्यावर आले, कुलपासमोर उकिडवे बसले आणि माशीची एक खेप होईपर्यंत पाहत राहिले. तुरीवर ह्या बसतात तेव्हा शेंगा चांगल्या धरतात, असे त्यांचे वडील सांगत, असे ते म्हणाले. ते अगदी बरोबर आहे. तुरीचे फूल मिटलेले असते, ते दाबून उघडण्याची ताकद असलेल्या माश्यांत हिचा नंबर बराच वरचा लागतो. घर ते पाडणारच होते, मातीच्या भिंती ठेवून त्यांना काय करायचे? पण काम माघाशिवाय सुरू होणार नव्हते, तोवर पुढच्या दाराला हात लागणार नाही, असे ते आपण होऊन म्हणाले. सौद्यात ही अट कागदावर आली नाही, पण पाळली गेली.

निघताना मामी ओट्यावर जरा थांबली. ऊन उतरले होते आणि माशी खेपा थांबवून आत बसली होती. भोकात फक्त तिचे तोंड दिसत होते. देवळीतले घरटे काढून नेऊ का, असे मी विचारले. मामी नको म्हणाली. काढताना फुटेल, आणि सहाव्या मजल्यावर ते लावायचे कुठे?

कागद डिसेंबरात झाले. माघात, घर उतरवायच्या आदल्या दिवशी, मामेभाऊ घोडेगावला जाऊन आला. त्याने पुढच्या दाराचा कोयंडा उपसला आणि कुलूप रुमालात गुंडाळून पुण्याला आणले. मी त्या वेळी तिथेच होतो. मामीने चष्मा लावला, रुमाल सोडला आणि कुलूप खिडकीच्या उजेडात धरले. भोक मातीने काठोकाठ लिंपलेले होते, आणि त्या मातीच्या मधोमध एक नीट गोल छिद्र होते, आतून बाहेर पाडलेले.

किल्ली तिने कुणाला शोधू दिली नाही. कुलूप आता तिच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला अडकवलेले आहे.